एएसी ब्लॉकच्या भिंतीवरचा गिलावा पोकळ वाजतो, काय करावे?

मुलुंडकर

सर्वांना नमस्कार. एप्रिलमध्ये आम्ही मुलुंडच्या घरातली स्वयंपाकघर आणि मागची खोली यांच्यामधली आडभिंत काढून दोन फूट सरकवली. नवी भिंत चार इंची एएसी ब्लॉकची, म्हणजे वाफेत पक्क्या केलेल्या हलक्या, सच्छिद्र ठोकळ्यांची आहे. कामावरची माणसे या ब्लॉकला सरसकट सिपोरेक्स म्हणतात. बांधकाम संपल्यावर तिसऱ्याच दिवशी दोन्ही बाजूंनी सिमेंट-वाळूचा गिलावा झाला. वीटकामाला मारतात तसे भरपूर पाणी मारा, असे ठेकेदाराने बजावले होते, म्हणून दुसऱ्या दिवसापासून मी स्वतः सकाळ-संध्याकाळ नळी धरून आठ दिवस भिंत भिजवली.

तरीही पंधरा दिवसांत गिलाव्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तडे उमटले. खिडकीकडच्या भागात बोटाच्या पेराने ठोकले की पोकळ आवाज येतो आणि किल्लीने ओरखडा काढला की वाळू जमिनीवर झडते. ठेकेदार म्हणतो, पुट्टीखाली सगळे झाकले जाईल. माझे दोन प्रश्न आहेत. हा गिलावा पूर्ण पाडावा लागेल का? आणि पुन्हा करायचा झाला तर या ब्लॉकवर तो धरावा म्हणून नेमके काय करायचे?

ओळंबा

मुलुंडकर, पुट्टीची घाई कृपया करू नका. मी बावीस वर्षे ठाण्या-मुंबईच्या साइटवर अभियंता म्हणून काम करतो आहे. जाळीदार तडे, पोकळ आवाज आणि झडणारी वाळू ही तिन्ही लक्षणे एकत्र दिसली की कारण बहुधा एकच असते: मालातले, म्हणजे कालवलेल्या सिमेंट-वाळूतले, पाणी सिमेंटच्या उपयोगी पडण्याआधीच ब्लॉकने ओढून घेतलेले असते.

हा ब्लॉक सिमेंट, चुना, जिप्सम, औष्णिक वीज केंद्रातली राख आणि चिमूटभर अ‍ॅल्युमिनियमची भुकटी यांपासून होतो. अ‍ॅल्युमिनियमची चुन्याशी क्रिया होऊन हायड्रोजन वायू सुटतो, इडलीचे पीठ फुगते तसे ते मिश्रण फुगते, आणि मग कापलेले ठोकळे साधारण १८० ते २०० अंश तापमानाच्या दाबयुक्त वाफेत पक्के होतात. आपल्याला दिसणारे बुडबुडे स्वतः फारसे पाणी ओढत नाहीत. त्या बुडबुड्यांमधल्या पातळ भिंतींत केसाहून बारीक छिद्रे असतात, पाणी तीच ओढतात. म्हणून विटेचे शोषण जोरात सुरू होते आणि लवकर भागते, तर हा ब्लॉक सावकाश पितो, पण पुष्कळ वेळ पीत राहतो. गवंड्याचा हात विटेवर बसलेला असल्यामुळे फसगत होते ती इथेच.

सिमेंट हे वाळून घट्ट होत नाही. पाण्याशी त्याची रासायनिक क्रिया होऊन ते घट्ट होते. बारा मिलिमीटरच्या थरातले पाणी पहिल्या तासाभरात मागे ब्लॉकमध्ये आणि पुढे वाऱ्यात निघून गेले, तर सिमेंट अर्धवट राहते आणि वाळूचे कण एकमेकांना धरून राहत नाहीत. दुसऱ्या दिवशी नळीने घातलेले पाणी ती चूक पुरती भरून काढू शकत नाही.

उलट त्या नळीने दुसरेच नुकसान झाले असण्याची शक्यता आहे. ब्लॉक पाणी पिऊन किंचित फुगतो आणि वाळताना आक्रसतो. भारतीय मानक आयएस २१८५ च्या तिसऱ्या भागात पहिल्या प्रतीच्या ब्लॉकसाठी वाळतानाच्या आकुंचनाची मर्यादा ०.०५ टक्के आहे. आकडा लहान वाटतो, परंतु चार मीटर लांब भिंतीत तो दोन मिलिमीटर होतो, आणि कच्चा राहिलेला गिलावा दोन मिलिमीटरची ओढ सहन करत नाही.

नवशिकी

मी सध्या घराचे काम काढण्याच्या विचारात आहे, म्हणून विचारते. विटा तर हौदात बुडवून मगच वापरतात. मग ब्लॉकही आधी बुडवून ठेवले तर ते गिलाव्यातले पाणी ओढणार नाहीत, असे नाही का?

ओळंबा

नवशिकी, प्रश्न अगदी योग्य आहे आणि पुष्कळ ठेकेदारही असेच करतात. बुडवलेला ब्लॉक त्या दिवशी पाणी ओढणार नाही हे खरे, पण त्याने आधीच प्यायलेले पाणी पुढचे कित्येक आठवडे बाहेर येत राहील आणि तेवढा काळ भिंत आतल्या आत आक्रसत राहील. शिवाय पूर्ण भरलेल्या छिद्रांत सिमेंटचे दूध शिरत नाही, त्यामुळे पकडही कमी मिळते. म्हणून ब्लॉक कोरडा असावा आणि त्याचा केवळ पृष्ठभाग ओलसर करावा. मधली अवस्था हवी आहे आणि ती साधणे हेच या कामातले कसब आहे.

गिरणगावकर

ती मधली अवस्था डोळ्यांनी कशी ओळखायची ते मी सांगतो, कारण माझे वडील लालबागमध्ये चाळीस वर्षे गवंडीकाम करत होते आणि शेवटची दहा-बारा वर्षे त्यांच्या हाताखालून हे ब्लॉकच गेले.

ते आदल्या संध्याकाळी कोरड्या झाडूने सगळी भिंत झाडून घेत. ब्लॉक कापताना उडालेली पांढरी भुकटी भिंतीवर तशीच राहिली तर गिलावा ब्लॉकला नव्हे, त्या भुकटीला चिकटतो, असे ते म्हणत. सकाळी बादलीत रंगाचा रुंद ब्रश बुडवून हातभर जागेवर एकदाच पाणी फिरवत आणि थांबून पाहत. कोरडा ब्लॉक पाणी लागताच काळपट होतो, क्षणभर चमकतो आणि ती चमक लगेच विझते. दहा-पंधरा मिनिटांनी ते दुसरा हात देत, गरज वाटली तर तिसरा. दर वेळी चमक जास्त वेळ टिकते. चमक गेली आहे पण काळपटपणा कायम आहे, आणि तळहात टेकवला तर गारवा लागतो पण हाताला पाणी येत नाही, अशी वेळ आली की ते बिगाऱ्याला माल कालवायला सांगत. त्याआधी नाही. भिंत तयार नसताना माल तयार करून ठेवला की गवंडी भिंतीवर घाई करतो, हे त्यांचे नेहमीचे सांगणे होते.

एका वेळी ते दोन-अडीच मीटर रुंदीपेक्षा जास्त भाग ओला करत नसत, कारण एका टोकाला पट्टी फिरेपर्यंत दुसरे टोक पुन्हा तहानलेले असते.

पवईकर

इतका खटाटोप करण्यापेक्षा सरळ जिप्सम प्लास्टर करावे असे माझे स्पष्ट मत आहे. आमच्या पूर्ण घरात एएसी ब्लॉकवर थेट जिप्सम आहे. वाळू नको, सात दिवस पाणी मारणे नको, थर आठ ते दहा मिलिमीटरचा पुरतो आणि भिंत आरशासारखी गुळगुळीत होते. सहा वर्षांत एकही तडा नाही.

कोळीवाडा

पवईकर, तुमच्या आतल्या आडभिंतींच्या बाबतीत मी सहमत आहे, पण मुंबईत सगळीकडे जिप्सम हा सल्ला धोक्याचा वाटतो. आमची इमारत वरळीला समुद्रासमोर आहे. पश्चिमेकडच्या भिंतीच्या आतल्या बाजूला जिप्सम केले होते. तिसऱ्या पावसाळ्यात बाहेरच्या गिलाव्याला गेलेल्या एका तड्यातून पाणी झिरपले आणि आतले जिप्सम भिजलेल्या खडूसारखे मऊ झाले. बोटाने दाबले तर बोट आत जात होते. सिमेंटचा गिलावा भिजला तर डाग पडतो, रंग सुटतो, पण वाळल्यावर तो बहुतेक वेळा जागेवर असतो. जिप्समला ते जमत नाही. मुलुंडकरांच्या भिंतीची एक बाजू स्वयंपाकघरात आहे, त्यामुळे सिंकचा नळ त्याच भिंतीवर येतो का, हे आधी पाहायला हवे.

रसायनवाला

महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो, म्हणून या मुद्द्यात थोडी भर घालतो. प्लास्टर म्हणून गोणीत येते ते अर्धे पाणी काढून टाकलेले नव्हे, तर जवळजवळ तीन चतुर्थांश पाणी काढून टाकलेले जिप्सम असते. त्यात पाणी घातले की ते गेलेले पाणी परत घेऊन मूळच्या जिप्समचे स्फटिक बनतात आणि त्या सुयांसारख्या स्फटिकांच्या गुंतवळीमुळे थर घट्ट होतो. ही क्रिया अर्ध्या तासाच्या आसपास उरकते, म्हणून नंतर पाणी मारावे लागत नाही. मात्र जिप्सम पाण्यात थोडे विरघळते आणि ओलीमुळे स्फटिकांमधली पकड ढिली होते. कोळीवाडा यांचे बोट आत गेले ते यामुळे.

जिप्समलाही तहानलेल्या ब्लॉकचा त्रास होतोच, हे मात्र विसरू नये. पाणी परत घेण्याआधीच ब्लॉकने ते ओढले, तर जिप्समही भुसभुशीत राहते. पवईकरांच्या कारागिराने भिंत आधी ओलसर करून घेतली असणार.

पवईकर

होय, केली होती. मोठ्या फवाऱ्याने दोनदा. ते लिहायचे राहिले. आणि बाथरूममध्ये आम्हीही सिमेंटचाच गिलावा केला आहे.

दादरवासी

आमच्या ठेकेदाराने आदल्या दिवशी सगळ्या ब्लॉकवर दुधासारखे पांढरे बाँडिंगचे रसायन ब्रशने लावले होते. ते लावले की पाणी ओढण्याचा प्रश्नच मिटतो, असे त्याचे म्हणणे होते.

ओळंबा

दादरवासी, या पद्धतीला माझा ठाम विरोध आहे, आणि तो अनुभवातून आलेला आहे. असे रसायन आदल्या दिवशी लावून वाळू दिले तर ब्लॉकवर प्लॅस्टिकसारखा पातळ पापुद्रा तयार होतो. शोषण थांबते, पण पकडही थांबते. एका साइटवर आम्ही असा गिलावा पाडला तेव्हा तो हाताने ओढला तरी पत्र्यासारखा सलग सुटून आला आणि त्याची मागची बाजू काचेसारखी गुळगुळीत होती. त्यातही साध्या पांढऱ्या गोंदाच्या जातीचे रसायन असेल तर ओल लागली की ते पुन्हा मऊ होते.

असे बाँडिंगचे रसायन, म्हणजे पॉलिमर, वापरायचेच असेल तर ते सिमेंटच्या पातळ मालात मिसळून वापरावे, आणि तो थर ओला-चिकट असतानाच वर गिलावा चढवावा. याहून मला भरवशाची वाटते ती जुनी पद्धत: एक भाग सिमेंट आणि दीड-दोन भाग जाडसर वाळू पातळ कालवून, हवे तर त्यात पॉलिमर घालून, भिंतीवर थापीने शिंतोडे मारावेत. ते पट्टीने सपाट करायचे नाहीत, खरखरीतच राहू द्यायचे आणि एक दिवस हलके ओले ठेवायचे. शोषण सगळीकडे एकसारखे होते आणि गिलाव्याला दात मिळतात. ब्लॉकसाठीचा तयार माल मिळतो, त्यात पाणी धरून ठेवणारे सेल्युलोजजन्य द्रव्य असते. तो महाग पडतो, पण एका भिंतीपुरता खर्च पेलण्यासारखा आहे.

चुनाभट्टीकर

चुन्याचे नाव अजून कोणीच काढले नाही याचे आश्चर्य वाटते. पाणी धरून ठेवणारे द्रव्य आज गोणीतून विकत घ्यावे लागते, ते काम आपल्याकडे चुना करत आलेला आहे. एक भाग सिमेंट, एक भाग चुना आणि सहा भाग वाळू असा माल मऊ लागतो, थापीला चिकटतो, पाणी लवकर सोडत नाही आणि थोडीफार हालचाल तडा न जाता सोसतो. ब्लॉक मुळात नरम असतो. नरम पाठीवर कडक गिलावा चढवला, तर आक्रसताना तो ब्लॉकचा पृष्ठभाग सोबत उचकटून आणतो. म्हणून एकास तीन किंवा एकास चार असा सिमेंटने श्रीमंत माल इथे कधीही वापरू नये. मुलुंडकर, तुमचे प्रमाण काय होते?

रेतीबंदर

आणि वाळू कोणती होती, तेही सांगा. हल्ली नदीची वाळू क्वचितच मिळते, दगड फोडून केलेली रेती येते. तिच्यात दगडाची बारीक पूड जास्त असेल तर मालाला पाणी जास्त लागते आणि तेवढेच आकुंचन वाढते. पारदर्शक बाटली अर्धी रेतीने भरून, त्यात मिठाचे पाणी घालून, जोरात हलवून तीन तास ठेवावी. वर बसलेला गाळाचा थर रेतीच्या उंचीच्या आठ टक्क्यांहून जाड असेल तर ती रेती गिलाव्याला घेऊ नये. खाडीची न धुतलेली रेती तर घराच्या आत आणूच नये. तिच्यातल्या मिठामुळे भिंतीला लोणा लागतो आणि दर पावसाळ्यात रंगाचे पोपडे निघतात.

वायरमन

तडे सगळीकडे जाळीसारखे आहेत की कुठे सरळ रेघेतही आहेत? मी वीजजोडणीची कामे करतो. ब्लॉकमध्ये पाइपसाठी चर पाडायला कटर न वापरता छिन्नी-हातोडा मारला की आजूबाजूचा ब्लॉक हादरतो, चर गचागच भरला जातो आणि पुढे बोर्डापासून छतापर्यंत सरळ तडा जातो. चर कटरने पाडावा, आधी खोलवर भरावा, तो पक्का झाल्यावर त्यावर जाळी ठोकावी आणि मगच गिलावा करावा.

ओळंबा

वायरमन यांचा प्रश्न महत्त्वाचा आहे. सरळ तडा दिसला तर त्याचे कारण वेगळे असते. काँक्रीटचा कॉलम किंवा बीम आणि ब्लॉक यांचे फुगणे-आक्रसणे सारखे नसते, म्हणून त्यांच्या सांध्यावर दोन्ही बाजूंना दीडशे मिलिमीटर येईल इतकी गंज न धरणारी किंवा काचतंतूची जाळी हवी. भिंतीचा माथा बीमखाली गच्च ठासून भरू नये. बीम वजनाने किंचित वाकतो आणि तो दाब थेट भिंतीवर येतो. दहा-पंधरा मिलिमीटरची फट ठेवून ती शेवटी, लवचीक भरावाने बंद करावी.

मुलुंडकर

सर्वांचे मनापासून आभार. शनिवारी सुट्टी होती, म्हणून एक-एक गोष्ट तपासली.

खडू घेऊन सगळी भिंत वीत-वीतभर अंतरावर लाकडी मुठीने ठोकली आणि पोकळ भाग आखला. खिडकीकडचा जवळजवळ सगळा भाग आखला गेला. दाराकडे दोनच लहान ठिपके निघाले. पत्नीला आठवले की त्या दिवशी दुपारी ऊन खिडकीतून थेट भिंतीवर येत होते आणि लवकर वाळावे म्हणून मीच पंखा लावून ठेवला होता. जेवणाच्या सुट्टीनंतर घट्ट झालेल्या मालात बिगाऱ्याने पाणी ओतून तो पुन्हा ढवळला होता, हेही तिने पाहिले होते. प्रमाण एकास चार होते. सरळ तडा एकच आहे, कॉलमच्या सांध्यावर. तिथे जाळी नाही.

गॅलरीत सहाशे बाय दोनशे बाय शंभर मिलिमीटरचे चार ब्लॉक उरले होते. त्यांतला एक वजनकाट्यावर ठेवला, तर पावणेदहा किलो भरला. तो किती असायला हवा?

ओळंबा

उत्तम तपासणी केलीत. या ब्लॉकची कोरडी घनता घनमीटरला साधारण ५५० ते ६५० किलो असते. तुमच्या ब्लॉकचे आकारमान ०.०१२ घनमीटर आहे, म्हणजे कोरडा ब्लॉक साधारण ६.६ ते ७.८ किलोच्या दरम्यान भरायला हवा. तुमच्याकडचा ब्लॉक गॅलरीत भिजला नसेल, तर भिंत बांधली तेव्हाही ब्लॉक पुरते वाळलेले नव्हते आणि तिसऱ्या दिवशी गिलावा करणे फारच लवकर झाले. आत ओल असलेला ब्लॉकही वरून उन्हावाऱ्याने सुकलेला असतो आणि मालातले पाणी ओढतोच. सुट्टीनंतर पाणी घालून ढवळलेला माल तर फेकूनच द्यायला हवा होता. अर्ध्या तासात संपेल एवढाच माल एका वेळी कालवावा.

आखलेला भाग पूर्ण पाडा, बाजूचा चांगला भाग कटरने सरळ रेघेत कापून घ्या. दाराकडचा गिलावा खणखणीत वाजत असेल आणि किल्लीने झडत नसेल तर तो पाडण्याची गरज नाही.

मुलुंडकर

महिन्याभराने पुन्हा लिहितो आहे. गिलावा पाडला तेव्हा बहुतेक ठिकाणी तो ब्लॉकवरून स्वच्छ सुटून आला आणि त्याच्या पाठीमागे पांढऱ्या भुकटीचा थर होता. गिरणगावकर, तुमच्या वडिलांचे झाडूचे म्हणणे मी डोळ्यांनी पाहिले. भिंत सोळा दिवस उघडी ठेवली. नवा गवंडी शिंतोडे मारायला आधी तयार नव्हता, पण त्याला जुना सुटलेला तुकडा हातात दिला तेव्हा त्याने स्वतःहून मान्य केले. कॉलमवर जाळी लावली. माल सिमेंट, चुना आणि सहा भाग वाळूचा केला. खिडकीला ओले गोणपाट टांगले आणि पंखा बंद ठेवला. पाणी नळीने न मारता फवारणीच्या पंपाने दिवसातून तीनदा, केवळ पृष्ठभाग गडद होईल इतकेच मारले.

आज अकरावा दिवस आहे. मुठीने ठोकले तर सगळीकडे एकच घट्ट आवाज येतो. किल्लीने पांढरी रेघ उमटते, वाळू पडत नाही. जुन्या आणि नव्या गिलाव्याच्या सांध्यावर मात्र खालच्या बाजूला वीतभर लांबीची केसासारखी एक रेघ दिसते आहे.

गिरणगावकर

त्या रेघेच्या दोन्ही टोकांना आजची तारीख पेन्सिलने लिहून ठेवा आणि पुट्टीला हात लावू नका. पावसाळा तोंडावर आहे, भिंत सावकाश वाळेल. दसऱ्यापर्यंत रेघ पेन्सिलच्या खुणेपुढे गेली नाही, तर ती टोकदार पत्रीने उघडून भरून घ्या आणि मग खुशाल रंगाचे काम काढा.